साखर ६.२, तरी सासूबाई का पडतात?

प्रश्न : सासूबाई ७८ वर्षांच्या. मधुमेहाला १९ वर्षं झाली, बीपी त्याहून जुनं. वर्षभरात वजन ५२ वरून ४६ किलोवर आलं. गेल्या महिन्याचा रिपोर्ट : एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.२, उपाशीपोटी साखर ८४, क्रिएटिनिन १.३, हिमोग्लोबिन ९.६. बसून बीपी १२८/७०. डॉक्टर म्हणाले, ‘उत्तम कंट्रोल.’ पण संध्याकाळी पाचच्या सुमारास त्यांना घाम सुटतो, हात थरथरतात. पहाटे कधीकधी असंबद्ध बोलतात. दोन महिन्यांत दोनदा पडल्या. दुसऱ्यांदा, तीन आठवड्यांपूर्वी, मोरीत पडून कपाळाला टेंगूळ आलं. गोळ्या : ग्लिमेपिराइड २ + मेटफॉर्मिन ५०० + व्होग्लिबोज ०.२ ही मधुमेहाची एकत्र गोळी सकाळ-रात्र, बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० आणि ॲम्लोडिपिन १०, पायाला सूज आली म्हणून टॉर्सेमाइड १० ही लघवीची गोळी, ॲस्पिरिन ७५, कोलेस्टेरॉलसाठी रोसुव्हास्टॅटिन १०, ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल, झोपेसाठी अल्प्राझोलाम ०.२५ आणि गुडघ्यांसाठी लागेल तशी ॲसिक्लोफिनॅक (ती जवळपास रोजच लागते). हृदयविकार किंवा लकवा कधी झालेला नाही. माझे दीर अमेरिकेत असतात. ते लेख पाठवतात : नव्या संशोधनाप्रमाणे बीपी १२० च्या खाली आणि एचबीए१सी सहाच्या आसपास हवं, ढिलाई नको. त्यात सासूबाईंच्या एकादशी-संकष्टी सुटत नाहीत. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, दिरांच्या लेखांकडे नंतर वळू. दोन कामं आजची आहेत.

पहिलं मोरीत पडल्याचं. कपाळाला टेंगूळ, ॲस्पिरिन चालू आणि आता असंबद्ध बोलणं, एवढं जुळून आल्यावर डोक्याचा साधा सीटी स्कॅन करून घ्यायचाच. वयाबरोबर मेंदू आक्रसतो, मेंदू आणि कवटी यांच्यामधल्या बारीक शिरा ताणल्या जातात, आणि किरकोळ आपटण्यानेही एखादी फाटून तिथे रक्त हळूहळू साठत राहतं. ते लक्षात यायला कित्येक आठवडे जाऊ शकतात. शिरेतून औषध न सोडता केलेला स्कॅन पुरतो, त्यामुळे मूत्रपिंडाला धोका नाही. मधेच उलट्या, वाढती गुंगी किंवा एका बाजूच्या हातापायात कमजोरी दिसली तर स्कॅनच्या तारखेची वाट पाहू नका, थेट रुग्णालयात न्या. बोलण्यातला गोंधळ साखर उतरल्यामुळेच असेल हा आमचाही पहिला अंदाज आहे. पण त्या अंदाजावर विसंबून स्कॅन टाळू नये.

दुसरं काम डॉक्टरांना फोन. ‘एचबीए१सी ६.२’ असं सांगितलंत तर पुन्हा ‘उत्तम’ म्हणतील. त्याऐवजी असं सांगा : संध्याकाळी घाम आणि थरथर, पहाटे असंबद्ध बोलणं, दोनदा पडणं, वजन सहा किलोने कमी, आज रात्रीची ग्लिमेपिराइड द्यायची का? आमचं मत विचाराल तर देऊ नये. या वयात, या वजनाला आणि ६.२ या आकड्याला त्या औषधाचं काम उरलेलं नाही. ती एकत्र गोळी अर्धी मोडून मात्र देऊ नका. त्यातलं मेटफॉर्मिन बहुधा हळूहळू सुटणाऱ्या स्वरूपाचं असतं, मोडली की सगळं एकदम सुटतं. एकत्र गोळीची खरी अडचण हीच आहे : तिघांपैकी एकाला रजा द्यायची तर तिघांनाही थांबवून हवी ती औषधं सुटी लिहून घ्यावी लागतात. ते करायला लावा.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, आणि लावताना पोटात काय आहे ते बघत नाही. अख्खी भाकरी खाल्ली काय, चतकोर खाल्ली काय, त्याचा जोर तोच. सासूबाईंचं खाणं कमी झालं, वजन उतरलं, गोळी मात्र जुन्याच मापाची राहिली. त्यात हे औषध शरीरात मोडल्यावर त्याचा जो अंश अजून काम करत असतो तो मूत्रपिंडावाटे बाहेर जातो, आणि तुमच्या रिपोर्टातलं १.३ हे क्रिएटिनिन दिसतं तितकं निरुपद्रवी नाही. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. स्नायू झिजलेल्या बाईत ते मुळातच कमी असतं. वय ७८, बाई, क्रिएटिनिन १.३ असा हिशेब घातला तर ईजीएफआर साधारण ४२ येतो, म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची ताकद बरीच घटलेली आहे. प्रयोगशाळेच्या कागदावर ईजीएफआर छापलेला नसेल तर मागून घ्या. मेटफॉर्मिनचं मापही त्यावरच ठरतं : ४५ च्या खाली दिवसाला १००० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, ३० च्या खाली बंद. सध्या त्या बरोबर १००० वर आहेत, म्हणजे अजून चालेल, पण दर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन पाहायला हवं.

साखर उतरल्याची खूणही म्हातारपणी बदलते. तरुणाला धडधड होते, भूक लागते, तो स्वतःच बिस्कीट शोधतो. वयस्कर माणूस गप्प होतो, अडखळतो, भलतंच बोलतो, चिडतो किंवा झोपून जातो, आणि घरचे म्हणतात, वय झालं. हा गैरसमज फार महाग पडतो.

ग्लुकोमीटर घरात असेल तर पुढचे तीन दिवस पाच वेळा साखर बघा : सकाळी उपाशी, दुपारच्या जेवणाआधी, संध्याकाळी पाचला, झोपताना आणि पहाटे तीनला. पहाटेची चुकवू नका, रात्रीच्या गोळीची करामत तिथेच पकडली जाते. बोट साबणाने धुऊन कोरडं करा. आंबा-चिकू खाल्लेल्या हाताने मोजलं तर आकडा खोटा वाढतो आणि तुम्ही निर्धास्त होता. टोच बोटाच्या बाजूला मारा, पेराच्या मधोमध नाही. स्ट्रिपांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं की दमटपणाने स्ट्रिपा बिघडतात. तारीख उलटलेल्या वापरू नका.

आकडा ७० च्या खाली, किंवा मीटर हाताशी नाही आणि घाम-थरथर दिसते आहे, तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर द्या, म्हणजे चहाचे भरून तीन चमचे, अर्धा पेला पाण्यात. इथे तुमच्या घरासाठी खास सूचना : साखरेचं पाणी, गूळ किंवा पेढा नको. व्होग्लिबोज आतड्यात साध्या साखरेचं विघटनच लांबवतं, त्यामुळे ज्यांच्या पोटात ती गोळी आहे त्यांना साखर खायला दिली तरी रक्तातली साखर लवकर वर येत नाही. ग्लुकोजला विघटन लागत नाही. केमिस्टकडचा एक डबा स्वयंपाकघरात, एक त्यांच्या उशाशी ठेवा. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा; ७० च्या वर नसेल तर तेवढंच परत द्या. वर आली की थोडा वरण-भात किंवा दूध-पोळी द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. आणि शुद्धीवर आल्या म्हणजे संपलं, असं समजू नका : ग्लिमेपिराइडच्या गटातल्या गोळीने उतरलेली साखर, त्यातही मूत्रपिंड मंदावलेलं असताना, काही तासांनी पुन्हा उतरते. पुढचे २४ तास दर तीन-चार तासांनी मोजत राहावं लागतं.

आता ‘उत्तम कंट्रोल’बद्दल. एचबीए१सी ही साधारण तीन महिन्यांची सरासरी आहे. ६.२ म्हणजे सरासरी साखर १३१ च्या आसपास. पण कधी ५०, कधी २१० अशी हेलकावे खाणारी साखरही कागदावर १३० दाखवते. सासूबाईंच्या बाबतीत तर त्या आकड्यावरही पुरता भरवसा नाही, कारण हिमोग्लोबिन ९.६ आहे. लोह कमी पडून रक्त कमी झालं असेल तर एचबीए१सी खोटं वाढतं, म्हणजे खरी सरासरी आणखी खाली असणार. रक्तस्राव किंवा मूत्रपिंडाच्या दुखण्यामुळे पेशींचं आयुष्य घटलं असेल तर उलटं होतं. म्हणून या घरी मीटरच्या वहीला रिपोर्टापेक्षा जास्त मान द्या.

दिरांचे लेख खोटे नाहीत, अडचण वेगळीच आहे. ते अभ्यास ज्यांच्यावर झाले ती माणसं बघावी लागतात. साखर काटेकोर ठेवल्याने डोळे-मूत्रपिंड वाचतात हे ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाने १९९८ मध्ये दाखवलं. त्यात नुकताच मधुमेह कळलेली, २५ ते ६५ वयाची माणसं घेतली होती, आणि फायदा दिसायला सुमारे दहा वर्षांचा पाठपुरावा लागला. एकोणीस वर्षं मधुमेह असलेल्या अठ्ठ्याहत्तरीतल्या बाईला तो फायदा पदरात पडायला दहा वर्षं, आणि साखर उतरून पडायला एक संध्याकाळ. पुढे अमेरिका-कॅनडात १०,२५१ जणांवर अकॉर्ड हा अभ्यास झाला. एका गटात एचबीए१सी सहाच्या खाली आणायचं ठरवलं, म्हणजे दीर सांगतात तेच. फेब्रुवारी २००८ मध्ये तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला : काटेकोर गटात २५७ मृत्यू, दुसऱ्या गटात २०३. त्यांचं सरासरी वय ६२ होतं. मृत्यू नेमके कशाने वाढले यावर अजून वाद आहे. पण त्यानंतर वयस्करांसाठी ‘जितकी कमी तितकी चांगली’ हा आग्रह उरला नाही. दीर ज्या देशात राहतात तिथलीच अमेरिकन डायबेटिस असोसिएशन अनेक दुखणी असलेल्या वयस्करांसाठी एचबीए१सी आठच्या आत, उपाशी साखर ९० ते १५०, झोपताना १०० ते १८० असं सांगते. सासूबाईंना ७.५ ते ८ शोभेल. उपाशी ८४ हा आकडा या मापात कमी आहे, तो छान वाटायला नको.

ग्लिमेपिराइड गेल्यावर साखर वाढलीच तर डॉक्टर ग्लिप्टिन गटातली गोळी देऊ शकतात. ती एकटी किंवा मेटफॉर्मिनसोबत साखर सहसा खाली पाडत नाही. या गटातल्या लिनाग्लिप्टिनचं माप मूत्रपिंडासाठी बदलावं लागत नाही. मेटफॉर्मिन मात्र भूक मारतं आणि वजन उतरवतं, तेव्हा वजन असंच घसरत राहिलं तर त्याच्याही गरजेबद्दल विचारा. एवढी वर्षं मेटफॉर्मिन घेतल्यावर बी१२ तपासायलाच हवं. ते कमी असलं की तळपाय बधिर होतात आणि अंधारात तोल जातो. जेवणातलं कडक पथ्य सैल करा. सहा किलो गमावलेल्या माणसाला भात मोजून वाढण्यात अर्थ नाही. आणि एवढं वजन का घटलं याचा शोध घ्यायला डॉक्टरांना सांगा : थायरॉइड, दात, गिळणं, मन उदास असणं, पोट.

पोटाचा मुद्दा हिमोग्लोबिनशी जोडलेला आहे. ॲस्पिरिन आणि ॲसिक्लोफिनॅक दोन्ही मिळून जठरातून नकळत रक्त गळतं, ९.६ मागे तेच असू शकतं. शौच काळी, डांबरासारखी होते का ते विचारा. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि शौचातल्या छुप्या रक्ताची तपासणी करून घ्या. लोहाच्या गोळ्या सुरू असतील तर शौच तशीही काळी होते, हे लक्षात असू द्या. हृदयविकार किंवा लकवा न झालेल्या वयस्करांना ॲस्पिरिनने काय मिळतं हे ॲस्प्री या अभ्यासात पाहिलं गेलं : ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतली १९,११४ माणसं, बहुतेक सत्तरीच्या पुढची, रोज १०० मिलिग्रॅम. २०१८ चा निष्कर्ष असा की अपंगत्वाविना जगण्याची वर्षं वाढली नाहीत, मोठे रक्तस्राव वाढले. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा, ही कशासाठी आहे? ‘या वयात असावी’ हे कारण पुरेसं नाही. (हे वाचून स्टेंट टाकलेल्या किंवा लकवा होऊन गेलेल्या कोणी आपली ॲस्पिरिन बंद करू नये, त्यांचा हिशेब निराळा.)

ॲसिक्लोफिनॅक तर आजच थांबवा. ती बीपी चढवते, आणि टेल्मिसार्टन व टॉर्सेमाइड यांच्या जोडीला आली की मूत्रपिंडाला तिन्ही बाजूंनी घेरते. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल ५००, दिवसातून तीन ते चार वेळा; ४६ किलोला दोन ग्रॅमच्या वर नको. वरून डायक्लोफिनॅकचं जेल चालेल. खुर्चीत बसून एक पाय सरळ करून पाच सेकंद धरायचा, असं दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. याने मांडी बळकट होते, पडणंही कमी होतं.

आता बीपी. स्प्रिंट या अमेरिकी अभ्यासात (९,३६१ माणसं, २०१५) वरचं बीपी १२० च्या खाली आणल्याने हृदयविकार आणि मृत्यू कमी झाले, ७५ च्या पुढच्यांतही. दीर इथपर्यंत बरोबर आहेत. फक्त त्यात मधुमेह असलेल्यांना घेतलंच नव्हतं. मधुमेहींवरचा अकॉर्डचा बीपीचा भाग २०१० मध्ये आला : लकवा कमी झाला, पण एकूण फायदा ठरला नाही आणि औषधांचे त्रास वाढले. अगदी अलीकडे, २०२४ मध्ये, चीनमधल्या बीप्रोड या अभ्यासात मात्र मधुमेहींनाही १२० च्या खाली फायदा दिसला. म्हणजे दिरांच्या बाजूनेही पुरावा आहे, तो नाकारून चालणार नाही. पण तिथलं सरासरी वय चौसष्टच्या आसपास होतं. ऐंशीच्या पुढच्यांसाठीचा हायवेट (३,८४५ माणसं, २००८) पाहिला तर लकवा आणि मृत्यू दोन्ही कमी झाले, आणि त्यांचं लक्ष्य होतं १५०/८०.

या सगळ्यांत लेखांमध्ये न येणारी एक बारीक गोष्ट आहे. हायवेट आणि स्प्रिंट, दोन्हींनी भरती करण्याआधी माणसाला उभं करून बीपी मोजलं. उभ्याने ते फार कमी भरलं तर अभ्यासात घेतलंच नाही; हायवेटमध्ये १४० च्या खाली, स्प्रिंटमध्ये ११० च्या खाली. सासूबाईंचं उभ्याचं बीपी कधी कोणी मोजलं आहे का? पत्रात फक्त ‘बसून’ आहे.

तेव्हा मोजा. सकाळी गोळ्यांआधी आणि दुपारी गोळ्यांनंतर. पाच मिनिटं आडवं झोपवा, मोजा. मग उभं करा, मागे खुर्ची आणि शेजारी तुम्ही. एका मिनिटाने मोजा, तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पडण्याचं दुसरं कारण सापडलं. दंडाचा पट्टा मापाचा असावा. बारीक दंडावर मोठा पट्टा लावला की बीपी खोटं कमी येतं. मोजताना दंड छातीच्या पातळीत हवा, आणि त्या बोलत असल्या तर थांबा.

बीपी उतरत असेल तर पहिला हात कुठे घालायचा? ॲम्लोडिपिनवर. १० मिलिग्रॅमने पायाला सूज येणं हा त्या गोळीचा ठरलेला स्वभाव आहे. ती सूज पाणी साठल्याची नसते, बारीक रक्तवाहिन्या सैल पडल्याची असते, म्हणून लघवीच्या गोळीने फारशी हटत नाही. पण एका गोळीचा त्रास दुसऱ्या गोळीने झाकला गेला, दुसरीने रात्री चार वेळा उठवलं, सोडियम-पोटॅशियम हलवलं, आणि अंधारात मोरीकडे जाताना पाय घसरला. अशी साखळी आम्हाला वयस्करांच्या गोळ्यांच्या पिशव्यांमध्ये वारंवार दिसते. डॉक्टरांनी हृदय, लघवीतली प्रथिनं आणि अल्ब्युमिन पाहून सूज दुसऱ्या कशाची नाही याची खात्री केली की ॲम्लोडिपिन ५ वर आणून दोन-तीन आठवडे पाय पाहावेत, सूज उतरली तर टॉर्सेमाइड काढावी. तोवर ती सकाळीच द्या. टेल्मिसार्टन आणि रोसुव्हास्टॅटिन राहू द्या. पँटोप्राझोल वेदनाशामक आणि ॲस्पिरिन चालू असेपर्यंत ठीक, त्या गेल्या की तिचंही कारण विचारा. बसून १३० ते १४० आणि उभ्याने फार न उतरणारं बीपी, यावर आम्ही समाधानी असू.

अल्प्राझोलामने पडणं वाढतं, पण ती एकदम बंद करायची नाही. झोप उडते, जीव घाबरा होतो, क्वचित झटकेही येतात. डॉक्टरांकडून दोन-दोन आठवड्यांनी पाव-पाव गोळी कमी करून घ्या, आणि हे सगळ्यात शेवटी. सगळं एकाच आठवड्यात बदललं तर कशाने काय झालं ते कळत नाही. क्रम असा : ग्लिमेपिराइड आणि वेदनाशामक लगेच, ॲस्पिरिनचा निर्णय त्याच भेटीत, बीपीच्या गोळ्या पुढच्या महिन्यात, झोपेची त्यानंतर. भेटीला जाताना यादी नको, सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक चूर्ण आणि शेजारणीने दिलेलीही. दोन पट्ट्यांवर दोन नावांनी तेच औषध निघणं काही दुर्मिळ नाही.

उपवासाचं : ग्लिमेपिराइड पोटात असेपर्यंत संकष्टी करू देऊ नका. चंद्रोदय रात्री नऊच्या पुढे गेला तर दिवसभराच्या उपाशी पोटावर ती गोळी काय करते ते वर आलंच आहे. ती बंद झाली की धोका खूप कमी होतो, मग दूध, दाणे, राजगिरा थोडा थोडा दर तीन तासांनी खात त्या एकादशी करू शकतील. निर्जळी मात्र कधीच नको, आणि उलट्या-जुलाब झाले तर त्या दिवसांत मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, टॉर्सेमाइड थांबवण्याबद्दल डॉक्टरांना फोन करून विचारा. अंगातलं पाणी कमी असताना याच गोळ्या मूत्रपिंडाला मारक ठरतात.

दिरांना पुढच्या वेळी रिपोर्टाऐवजी दोन आकडे कळवा, पहाटे तीनची साखर आणि उभ्याचं बीपी. एचबीए१सी तीन महिन्यांच्या आत पुन्हा करू नका. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्याआधी औषधबदलाचा खरा परिणाम त्यात उतरत नाही. आणि तेव्हा ते ७.६ आलं, तर घाबरून जुनी गोळी परत सुरू करू नका.